एका हंगामात एक खोली: गावाकडचं जुनं घर टप्प्याटप्प्यानं दुरुस्त करताना

आपल्या विदर्भातल्या गावांत घराचं काम बहुतेक वेळा समोरच्या खोलीपासून सुरू होतं. लग्न ठरतं, पाहुणे येणार असतात, म्हणून बैठकीला पुट्टी मारतात, टाइल बसवतात, झगझगीत रंग देतात. दोन पावसाळे गेले की पुट्टीचे पोपडे गळू लागतात, कारण मागच्या न्हाणीचं पाणी त्याच भिंतीच्या पायात मुरत असतं. मग रंगाला दोष, मिस्त्रीला दोष.

एकेक खोली करत जाण्यात काही चूक नाही. पैसा सोयाबीन, कापूस, तूर असा हप्त्याहप्त्यानं येतो, तर घरही तसंच होणार. पण चार कामं एका खोलीची नसतात, अख्ख्या घराची असतात: छपराचं पाणी, सांडपाण्याची वाट, फरशीची लेव्हल आणि विजेची वायर. ही चार आधी कागदावर पक्की करा. त्यानंतर खोल्या तीन वर्षांत होवोत की सहा, झालेलं काम पुन्हा फोडावं लागत नाही.

कोणतं काम कोणत्या महिन्यात

छपराचं काम होळीपासून एप्रिलअखेरपर्यंत उरकायचं. मे महिन्यात वावधन सुटतं, त्या वेळी छप्पर अर्धं उघडं नको. मिरगाच्या भरवशावर तर अजिबात बसू नका. फरशी, आतलं प्लास्टर, वायरिंग ही आतली कामं दिवाळीनंतर केव्हाही करता येतात. फक्त वेचणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, मजूर आणि रेजा (बाई मजूर) मिळणं अवघड असतं आणि मिळाले तर रोजी चढी असते. त्यातच एका खोलीत भाव वाढेपर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो. ती खोली शेवटी धरा. तिच्या शेजारच्या खोलीत वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम असेल तर कापूस विकल्याशिवाय ते सुरूच करू नका; एक ठिणगी पुरते.

एप्रिल-मेमध्ये सिमेंटचं काम करायचं झालं तर सकाळी ११ पर्यंत आणि पुन्हा ४ नंतर. भर दुपारी थापलेलं प्लास्टर सिमेंट घट्ट होण्याआधीच वाळतं आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. विहिरीनं तळ गाठला असेल तर क्युरिंगला पाणी कुठून आणणार, याचा विचार सिमेंट आणण्याआधी करायचा. प्लास्टरला किमान ७ दिवस, काँक्रीटला १० ते १४ दिवस पाणी लागतं. ओली पोती पांघरली तर निम्म्या पाण्यात भागतं.

पैशाचा हिशेब भावावरून नाही, मापावरून करा. रेतीचा भाव घाटाच्या लिलावावर, विटांचा भट्टीवर हलतो. प्रमाण हलत नाही. खाली दिलेली प्रमाणं तुमच्या गावच्या चालू भावानं गुणा आणि वर १५ टक्के धरा, कारण जुनं घर खोदलं की काहीतरी निघतंच. बियाणं-खताचा पैसा यात ओढू नका. त्यापायी जूनमध्ये पेरणीसाठी कर्ज काढावं लागलं, तर ती टाइल सगळ्यात महाग पडते.

पहिला खर्च घराबाहेर

पावसाळ्यात एक दिवस छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे थांबतं, कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल आहे. काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीच्या एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी माती राहिली की पाया वर्षातून दोनदा हलतो. म्हणून भिंतीतल्या भेगांचा इलाज बहुधा भिंतीत नसून अंगणात असतो.

वळचणीला पन्हाळ लावा. ६ इंची पीव्हीसी पाइप लांबीनं मधोमध कापला की दोन पन्हाळी निघतात. दर दोन-अडीच फुटांवर लोखंडी पट्टीचा आधार द्या आणि १० फुटांना एक इंच उतार ठेवा. पीव्हीसी इकडच्या उन्हात ठिसूळ होतं, त्यामुळे बाहेरून ऑइलपेंटचा हात मारा.

मग भिंतीला लागून तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा. वरची काळी माती सहा-आठ इंच काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायचा (ठोकून घट्ट बसवायचा) आणि त्यावर ३ इंच काँक्रीट, १:४:८ प्रमाणात (सिमेंट, रेती, गिट्टी). उतार भिंतीपासून बाहेर, फुटाला एक इंच. दर पाच फुटांवर पट्टी उभी करून सांधा सोडा, नाहीतर तो आपल्या मर्जीनं वाटेल तिथे तडकतो. ४० फूट लांबीला सिमेंटच्या ३ बॅगा, रेती १४ ते १५ घनफूट आणि गिट्टी २८ ते ३० घनफूट लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्या हिशेबानं ट्रॉली भरल्यावर तिची लांबी, रुंदी आणि मालाची उंची स्वतः टेपनं मोजा. 'ट्रॉली म्हणजे ब्रास' हे प्रत्येक ट्रॉलीला लागू नाही.

भिंतीला खेटून कडुनिंब किंवा पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते लहानपणीच काढा. मोठं झाड मात्र घाईनं तोडू नका. त्यानं शोषलेलं पाणी एकाएकी जमिनीत राहतं आणि माती उलट फुगते.

पाण्याच्या नळीनं लेव्हल

हे काम दोन माणसं अर्ध्या दिवसात करतात आणि खर्च फक्त पारदर्शक नळीचा, ३० ते ४० फूट. तेच टाळल्यानं पुढे दर दाराशी ठेच लागते.

नळी एका टोकानं बादलीत बुडवून पाणी ओढून भरा. मध्ये एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा असला की लेव्हल खोटी येते. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतं का ते आधी पाहा. मुख्य दाराच्या चौकटीवर, तयार फरशी जिथे यायला हवी तिथून बरोबर ३ फुटांवर खिळ्यानं खूण करा. एकानं नळीचं पाणी त्या खुणेला लावून धरायचं, दुसऱ्यानं नळी खोलीखोलीत फिरवून पाणी थांबेल तिथे पेन्सिलीनं रेघ मारायची. पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबा, घाई नको. जमलं तर रेघेवर निळीचा दोरा झटकून घ्या.

आता प्रत्येक खोलीत रेघेपासून सध्याच्या जमिनीपर्यंत मोजा. समजा बैठकीत ३ फूट १ इंच आलं, माजघरात २ फूट १० इंच आणि स्वयंपाकघरात ३ फूट ४ इंच. खाली काँक्रीट ३ इंच, वर मसाला आणि टाइल मिळून २ इंच, असे ५ इंच लागतात. म्हणजे बैठक ४ इंच खोदायची, माजघर ७ इंच आणि स्वयंपाकघर फक्त १ इंच. हे आकडे वहीत लिहून ठेवले की तीन वर्षांनी दुसरा मिस्त्री आला तरी माजघर आणि स्वयंपाकघर एकाच पातळीत येतं.

मातीच्या भिंतीचं घर असेल तर जोत्याच्या दगडाखाली खोदू नका. अशा घरात सगळ्यात उंच खोली धरून बाकीच्या खोल्या भरून वर आणणं बरं. मात्र जुन्या चौकटी मुळातच बुटक्या असतात. फरशी वर आल्यावर डोक्याला सहा फूट राहतात का, ते आधी मोजा.

भिंत: माती आणि सिमेंटचं जुळत नाही

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करण्यात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर ती बाहेर सोडू देत नाही. ओल आत साचते, भिंत मऊ पडते आणि प्लास्टरचा पापुद्रा पाटीएवढा सुटून येतो, सोबत मातीही घेऊन. बोटानं ठोकून पाहा: भद्द आवाज आला तर थर सुटलेला आहे.

मातीच्या भिंतीला मातीचंच प्लास्टर करा. माती पांढरीतली किंवा मुरमाड घ्यायची. काळी नको, ती वाळताना फाटते. चाळलेल्या मातीत गव्हाचं कुटार (भुसा) आणि शेण घालून पाणी सोडायचं, चार-पाच दिवस कुजू द्यायचं आणि रोज एकदा पायानं तुडवायचं. भिंत ओली करून पहिला थर पाऊण इंच. तो वाळताना तडे जातीलच, जाऊ द्या. पूर्ण वाळल्यावर दुसरा थर पाव इंच, त्यात बारीक रेती आणि शेण थोडं जास्त. त्यावर चुन्याचे दोन-तीन हात. खालच्या दोन फुटांत, जिथे पाण्याचे शिंतोडे उडतात, तिथे चुना-रेतीचं १:३ प्लास्टर लावा. ते काही वर्षांनी झडलं तर तेवढंच पुन्हा करता येतं.

विटांच्या भिंतीला लोणा (ओलीसोबत येणारा खार) लागला असेल तर ओलीच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत जुनं प्लास्टर काढा. सांधे अर्धा इंच खरवडून पांढरा खार कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतला की तो परत विटेतच जातो. मग भिंत पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. लोकांना हे दिसायला नको वाटतं, पण या खारावर यापेक्षा स्वस्त औषध नाही. नंतर १:४ प्लास्टर करताना बॅगेमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड घाला.

भेगा बुजवण्याआधी त्या जिवंत आहेत का ते बघा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं टिंब करून अंतर मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी तारीख टाका आणि मे, ऑगस्ट, डिसेंबर असं तीनदा मोजा. उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात बारीक होत असेल तर जमीन हलते आहे. आधी बाहेरच्या पाण्याचा बंदोबस्त, मग भेग. अंतर वर्षभर तेवढंच राहिलं तर भेग इंचभर खोल व्ही आकारात कोरा, भरा आणि वर फूटभर रुंद कोंबडीजाळी ठोकून प्लास्टर करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, करंगळी शिरेल एवढी भेग मात्र इंजिनिअरला दाखवायची.

प्लास्टरचा हिशेब असा. १० बाय १२ ची, ९ फूट उंच खोली म्हणजे चार भिंती मिळून ३९६ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३५०. अर्धा इंच जाड १:५ प्लास्टरला सिमेंटच्या ३ बॅगा आणि रेती १८ ते २० घनफूट. एक मिस्त्री, एक हाताखालचा आणि एक रेजा असं पथक दिवसाला १०० ते १२० चौरस फूट करतं, म्हणजे साडेतीन दिवस. प्लास्टर आणि टाइल गुत्त्यानं (ठेक्यानं) द्या. दुरुस्ती मात्र रोजीनं, कारण गुत्तेवाला जुनं खरवडण्यात वेळ घालवत नाही.

रेती तपासायला पारदर्शक बाटली पुरे. बाटली निम्मी रेतीनं भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. खाली बसलेल्या रेतीवर मातीचा थर दिसेल. १० सेंटिमीटर रेतीवर ८ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ असेल तर ती रेती प्लास्टरची नाही. पावसाळ्यात घाटांवरचा उपसा बंद असतो, त्यामुळे दिवाळीच्या कामाची रेती मे महिन्यातच टाकून ताडपत्रीनं झाका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण. बोअरचं खारं पाणी सिमेंटमध्ये किंवा क्युरिंगला वापरलं की भिंतीवर खार फुटतो आणि स्लॅबमधली सळई गंजून काँक्रीट फुगवते. सळईच्या कामाला पिण्याचंच पाणी घ्या, भले टँकर बोलवावा लागला तरी. जिभेला खारट लागणारं पाणी सरळ नाकारा.

नवीन आडभिंत घालायची असेल तर राखेच्या विटांचा विचार करा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस इथल्या वीजकेंद्रांची राख असल्यामुळे आपल्याकडे त्या सहज मिळतात. त्यांच्या कडा सरळ असतात, प्लास्टर कमी लागतं. साडेचार इंची भिंतीला १०० चौरस फुटांमागे फुटतूट धरून ५०० विटा सांगा. या विटा भट्टीच्या विटांसारख्या हौदात बुडवून ठेवायच्या नसतात, वरून पाणी शिंपडलं की झालं.

सिमेंट खोलीपुरतंच आणा. बॅगेवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी बॅग घेऊ नका. ठेवताना खाली फळ्या आणि भिंतीपासून फूटभर अंतर.

फरशी

खोदल्यावर खाली काळी माती लागली तर आणखी एक फूट काढून मुरूम भरा. सहा इंचांचे दोन थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदम फूटभर भरून वरून ठोकलं की वरचा भाग टणक होतो आणि खालचा पोकळ राहतो. मग वर्षभरात मधली टाइल ठणठण वाजू लागते. मातीच्या भिंतीलगत खोदताना सगळी कड एकदम उघडी करू नका, चार-चार फुटांचा तुकडा खोदा, भरा, मग पुढे चला.

वाळवीचा बंदोबस्त याच वेळी. मुरूम ठोकून झाल्यावर आणि काँक्रीटच्या आधी भिंतीच्या कडेनं इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी पाण्यात मिसळून सोडा, लिटरला २.१ मिली. पक्की फरशी असलेल्या खोलीत भिंतीच्या कडेनं दर फुटावर १२ मिलिमीटरचं भोक पाडून भोकामागे एक लिटरपर्यंत द्रावण जिरवतात. हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचे कपडे: फवारणीच्या वेळी जी काळजी घ्यायची तीच इथे. धान्याची पोती आणि पाण्याची भांडी खोलीतून काढा आणि विहिरीजवळ हे औषध वापरू नका.

१२० चौरस फुटांच्या खोलीला ३ इंच काँक्रीट म्हणजे पुन्हा ३ बॅगा सिमेंट, १४ ते १५ घनफूट रेती, ३० घनफूट गिट्टी. दोन बाय दोनच्या टाइलच्या बॉक्समध्ये बहुधा चार नग असतात, साडेपंधरा चौरस फूट. कापण्यात जाणारी १० टक्के धरून ९ बॉक्स घ्या. बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर सगळ्यांचा एकच आहे का ते दुकानातच बघा. दोन नग जास्तीचे कोठ्यात ठेवून द्या. तोच रंग पुढच्या वर्षी मिळत नाही. टाइलखाली मसाला पूर्ण पसरायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून वरून दाबलेली टाइल धान्याचं पोतं पडताच फुटते.

खोलीत पोती, कोठ्या, मोटारसायकल येणार असेल तर चकचकीत टाइलपेक्षा खरबरीत कोटा फरशी बरी. ओल्या पायांनी घसरत नाही आणि डाग पडला तरी घासून निघतो.

छप्पर

कवेलू (कौलं) असतील आणि लाकूड चांगलं असेल तर ती मोडायची घाई करू नका. आड्याला, फाट्यांना जाड पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) टोचून पाहा, विशेषतः भिंतीत शिरणाऱ्या टोकांना. पेचकस सहज आत गेला तर ते लाकूड बदला. नुसता ओरखडा उठला तर जुनं सागवान अजून बरीच वर्षं काढेल. देशी कवेलू दरवर्षी फेरावी लागतात आणि वरून माकडांचा उच्छाद. इंग्रजी (मंगळुरी) कवेलू जास्त टिकतात, १०० चौरस फुटांना १४० च्या आसपास बसतात, पण वजन आणि कमच्यांचं (कवेलूंखालच्या पट्ट्यांचं) अंतर जमलं पाहिजे.

टिनाला जायचं असेल तर १० बाय १२ च्या दुपाखी खोलीला ८ फुटी, साडेतीन फूट रुंद अशी दोन्ही पाखी मिळून १० टिनं लागतात. जाडी ०.४५ ते ०.५० मिलिमीटर. त्याहून पातळ टिन वाऱ्यानं वाजतं आणि खिळ्यापाशी फाटतं. बाजूचा जोड दीड नाळीचा (नाळी म्हणजे टिनाची पन्हळ), खालीवर जोड असेल तर सहा इंचांचा. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून टिनं पूर्वेच्या टोकाकडून घालत पश्चिमेकडे जा. जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहते. कडेच्या रांगेत प्रत्येक नाळीला हूक, मधल्या रांगांत एक सोडून एक. वळचण दीड फुटाच्या वर नेऊ नका, वारा तिथूनच टिन उचलतो. हुकाखालचा वॉशर दाबला गेला पाहिजे, पिळून फाटता कामा नये.

आणि टिनाखाली उष्मा. बुरडाकडून बांबूचे तट्टे करून घ्या आणि टिनाच्या सहा ते नऊ इंच खाली बांधा. मधल्या पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाते. टिनाला वरून पांढरा रंग दिला की मे महिन्यातली दुपार सुसह्य होते. स्लॅब असेल तर मार्चअखेर चुन्याचे दोन हात तेच काम करतात.

मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. एका खोलीला स्लॅब करायचाच असेल तर त्याला आपले कॉलम, आपला पाया. त्या खोलीची आखणी इंजिनिअरकडून करून घ्या आणि पुढची खोली जोडायची आहे हे त्याला आधी सांगा. १२ मिलिमीटरच्या सळया पुढच्या जोडासाठी किमान दोन फूट बाहेर सोडाव्या लागतात आणि उघड्या ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत गंजतात. त्यांना भुसभुशीत काँक्रीटचं आवरण द्या, नंतर फोडता येतं. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बॅगेमागे ३० लिटरच्या वर पाणी नको. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, पण घराला ते सोपं जात नाही. आणि कवेलूचं पाखं जिथे नव्या स्लॅबला भिडतं तिथे रुंद पन्हाळ हवी. गळती हमखास त्याच रेघेत सुरू होते. क्षेत्र वाढत असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या आणि काम झाल्यावर नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या कर-आकारणी नोंदवहीत) नोंद लावा.

वायर आणि कूलर

एक खोली करताना सगळ्या घराचा बोर्ड ठरवा. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला २.५, गिझर किंवा मोटारीला ४. प्रत्येक खोलीला वेगळी एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच). पुढच्या खोलीसाठी रिकामा पाइप आत्ताच भिंतीतून काढून तोंड बंद करून ठेवा. मातीच्या भिंतीत मात्र खाचा पाडू नका, वरून पट्टी चालवा.

आरसीसीबी टाळून पैसे वाचवू नका. आपल्याकडे कूलरशिवाय उन्हाळा जात नाही आणि ओल्या पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कूलरचा प्लग तीन पिनचाच आणि अर्थिंग खरं पाहिजे: ८ फूट जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. काळी जमीन उन्हाळ्यात पाइपापासून सुटते आणि नेमकी तेव्हाच अर्थिंग काम करत नाही. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता.

कूलरसाठी खिडकी सावलीच्या बाजूला, उत्तरेला किंवा पूर्वेला, दोन बाय दोन फूट. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला तेवढीच वाट हवी. ती नसेल तर खोली गार होत नाही, नुसती चिकचिक होते आणि भिंतींना बुरशी येते. स्टँडखाली काँक्रीटचा पट्टा असू द्या, नाहीतर कूलरचं गळणारं पाणी भर उन्हाळ्यात पाया भिजवतं.

न्हाणी, संडास

दोन खड्ड्यांचा संडास करा, एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घराला एक मीटर व्यासाचे आणि सव्वा मीटर खोल खड्डे, दोहोंमध्ये किमान एक मीटर अंतर, विहीर किंवा हातपंपापासून १० मीटर, जमलं तर १५. काळ्या जमिनीत हे खड्डे भरून वाहतात, कारण माती पाणी पीत नाही. इलाज आहे: जाळीदार विटांच्या बाहेर सगळीकडून एक फूट जाड रेती किंवा बारीक गिट्टीचा थर भरा. त्याच थरामुळे माती फुगली तरी विटांवर जोर येत नाही. पाइपला उतार १५ फुटांना एक फूट. खड्ड्यांच्या तळाशी काँक्रीट घालू नका. बरेच जण मजबुतीसाठी घालतात आणि खड्ड्याची टाकी होते.

न्हाणीच्या जमिनीला फुटाला पाव इंच उतार, जाळीकडे. वॉटरप्रूफिंगचे दोन हात जमिनीला आणि भिंतीवर एक फूट वर. मग जाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि पलीकडची भिंत हातानं चाचपा. टाइल त्यानंतर. सांडपाणी भिंतीपासून दूर केळी-अळूला सोडा. काळ्या मातीतला शोषखड्डा मुरमापर्यंत गेला नाही तर पहिल्याच पावसात तो हौद बनतो.

स्वयंपाकघर आणि रंग

ओट्याची उंची रोज उभं राहणारीच्या कोपरावरून ठरवा: कोपराच्या चार इंच खाली. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२-३३ इंच. मिस्त्री सवयीनं ३६ करतो आणि तिचे खांदे भरून येतात. रुंदी २४ इंच, वर कडप्पा, खाली विटांचे उभे आधार. सिंकचा पाइप भिंतीबाहेरच्या पट्ट्याच्या पलीकडे नेऊन सोडा. चूल वापरात असेल तर ती मागच्या सपरीत (पडवीत) ठेवा, नाहीतर नव्या भिंती वर्षात काळ्या होतात.

रंगाची घाई नको. नवं प्लास्टर किमान २८ दिवस सुकू द्या. मग फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर, जमिनीपासून दोन फुटांवर, दोन दिवस चिकटवून ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले तर यंदा चुन्याचाच हात मारा आणि पुट्टीचे पैसे पुढच्या खोलीच्या मुरमाला ठेवा.